न खोडलेली नावे

लोकसभेच्या मतदानानंतर दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावातल्या अंगणवाडी सेविकेला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्या बीएलओ होत्या, म्हणजे एका मतदान केंद्राची यादी त्यांच्याकडे होती. त्यांच्या केंद्रावर तालुक्यातले सर्वांत कमी मतदान झाले होते. गाव त्यांना यादीवाल्या ताई म्हणायचे.

ताईंचा दिवस अंगणवाडीच्या हजेरीने सुरू व्हायचा. हजेरी झाली की जमलेली लेकरे मदतनीस बाईंवर सोपवून त्या न आलेल्यांच्या घरी जायच्या. एक लेकरू कडेवर, दोन पदराला, अशा परत यायच्या. मतदार यादीही त्यांनी तशीच सांभाळली. "यादी म्हंजी हजेरीच की. आला न्हाई तर घरी जायचं. नाव खोडायचं न्हाई," असे त्या म्हणत.

मतदानाच्या चिठ्ठ्या त्या दारात टाकून येत नसत. हातात देत आणि चिठ्ठीवरचे नाव मोठ्याने वाचायला लावत. ज्याला वाचता येत नसे त्याला आपण वाचून दाखवत. लोक ऐकून घेत, चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचत आणि मतदानाच्या दिवशी घरात बसत. "सुट्टी हाय ना ताई आज," असे एका शिक्षकाने त्यांना माझ्यासमोर सांगितले. सुट्टी कशासाठी आहे, हे ताईंनी त्यांना विचारले. शिक्षक हसले. ताई हसल्या नाहीत.

नोटिशीनंतरच्या आढावा बैठकीला मी वार्ताहर म्हणून हजर होतो. अडचण साधी होती. ताईंच्या यादीत एका वस्तीवरची बरीच माणसे होती. ती हैदराबादला बांधकामावर जात आणि पेरणीला परत येत. निवडणुकीत घरांना कुलपे असत. गावच्या त्याच शाळेतल्या शेजारच्या खोलीच्या केंद्राने अशी नावे आधीच वगळली होती. तिथला मतदानाचा टक्का वाढला होता. त्या बीएलओंचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ती बातमी मीच दिली होती. टक्का कसा वाढला, हे मी विचारले नव्हते.

"ताई, तुमच्या एका बूथनं अख्ख्या तालुक्याची सरासरी खाली ओढली," बैठक घेणारे तहसीलदार साहेब म्हणाले. "कुलपं दिसतात ना? स्थलांतरित लिहा अन् मोकळे व्हा."

"साहेब, त्यांचं रेशन हितं, घर हितं, म्हातारं मेलं तर जाळायला हितंच यायलेत. म्या कसं लिहू गेले म्हणून?"

"मग टक्का कसा वाढवणार?"

"माणसं बोलवून. खोडून वाढवायचा असंल तर मग म्या एकटीचंच नाव ठेवते. शंभर टक्के."

दोघे-तिघे हसले. साहेबांनी पुढच्या केंद्राचे नाव पुकारले.

विधानसभेच्या आधी महिनाभर ताई वस्तीतल्या लोकांना फोन करत होत्या. कुणाला मत द्या हे त्या कधीच बोलल्या नाहीत. तारीख सांगत आणि "नाव हाय, या," एवढेच म्हणत. त्यांचे एक वाक्य तेव्हा गावात फिरत होते: "जवळचा म्हनतो बघू, लांबचा म्हनतो नाव हाय का."

मतदानाच्या दिवशी शाळेसमोरचे किराणा दुकानदार आप्पा दुपारपर्यंत आले नव्हते. रस्ता ओलांडायचा होता. जेवणाच्या वेळी ताई त्यांच्याकडे गेल्या.

"आप्पा, जाऊन या. तवर म्या बसते गल्ल्यावर."

"तुम्हाला भाव म्हाईत हाय का ताई?"

"तुमी लावता तेवढा तर कोनालाच म्हाईत न्हाई."

आप्पा खळखळून हसले. संध्याकाळी नक्की येतो म्हणाले. ते आले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि शाळेचे फाटक बंद होते. आत घेत नाहीत म्हणून त्यांनी फाटकाबाहेर मोठा आरडाओरडा केला.

वस्तीवरचे नऊ जण त्याच सकाळी रेल्वेने मुदखेडला उतरून जीपने आले होते. नऊही जणांनी मतदान केले. त्यांच्यासोबत दहावी एक बाई होती. तिचे घर शेजारच्या केंद्राच्या हद्दीत होते. तिथे तिचे नाव नव्हते. मतदार ओळखपत्र हातात घेऊन ती ताईंच्या टेबलाशी आली.

"म्या मेले का ओ ताई?"

"मेली न्हाईस, बाई. तुजं दार बंद होतं."

टेबलावरची यादी त्यांनी दोनदा उघडली आणि मिटली.

ताईंच्या केंद्राचा टक्का तालुक्यात पुन्हा सर्वांत कमी भरला. दुसऱ्या नोटिशीनंतर यादी दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे देण्यात आली. मतदार यादीच्या पुढच्या पुनरीक्षणात त्या नऊ जणांची नावे स्थलांतरित म्हणून वगळली गेली. सुनावणीच्या नोटिसा त्यांच्या कुलूप लावलेल्या दारांवर चिकटवल्या होत्या.

ताई निवृत्त झाल्या आणि लातूरला मुलीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी पेरणीला आलेल्या दहाही जणांना अंगणवाडीत बसवून त्यांनी नवीन नोंदणीचे अर्ज भरून घेतले आणि स्वतः कार्यालयात नेऊन दिले. पोचपावत्या माझ्याकडे ठेवल्या. "तुमी पेपरवाले. तुमाला हाकलत न्हाईत. इचारत ऱ्हावा," म्हणाल्या.

मी तीन वेळा विचारले. दहाही अर्ज प्रलंबित आहेत.