शुभहस्ते लागलेला दुसरा दोन

निमगाव सावाच्या कपिलला सहा वर्षं सगळ्यांनी गरीब गाय म्हणूनच धरलं. नारायणगावच्या एका खाजगी डेअरीत तो कॉम्प्युटरवर बसायचा, रोजंदारीवर. कायम करतो, हे आश्वासन दर दिवाळीला मिळायचं आणि मिठाईच्या पुड्याबरोबर संपायचं. पोरगा बोलायचा नाही. पण बोलत नाही म्हणजे त्याला राग येत नाही, असं थोडंच असतं?

डेअरीचं मशीन रोज संध्याकाळी चौऱ्याऐंशी गावांच्या दूध केंद्रांना आपलं आपण फोन लावायचं आणि कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, ते ओढून घ्यायचं. कुठल्या गावाला कुठला नंबर, हे मशीनला कळावं म्हणून गावागणिक एक छोटी फाइल. दोन हजार दोन-तीनच्या सुमाराला फोनखात्याचा हुकूम आला, की येत्या एक तारखेपासून प्रत्येक नंबराच्या आधी दोन लावायचा. झालं! चौऱ्याऐंशी फायली, आणि दर फाइलीत नंबर चार ठिकाणी.

मॅनेजरसाहेब म्हणाले, बस आणि हातानं बदल. त्यांचं काय जातंय म्हणायला? मागल्या साली एकच नंबर हातानं बदलताना आकडा चुकला, तर मशीन रोज दिवेलागणीला पिंपरी पेंढारच्या प्रयागबाई नावाच्या म्हातारीच्या कानात शिट्ट्या मारत बसलं. चौथ्या दिवशी तिनं डेअरीत फोन करून मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

म्हणून कपिलनं दुसरी वाट काढली. मशीन बसवणारा पुण्याचा माणूस एक जाडं पुस्तक विसरून गेला होता. त्यात सेड नावाचं हत्यार होतं. फाइल न उघडता आतला मजकूर बदलणारं. कपिलनं पंधरा दिवस ते पुस्तक पिंजून काढलं आणि सगळ्या फायलींत एका दमात नंबरांआधी दोन लावणारी सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. जुन्या फायलींची नक्कल वेगळी ठेवली, आधी नकलेवरच चालवून पाहिली. अध्यक्ष नानासाहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा ते चार माणसांत म्हणाले, हे जमलं तर तू कायम, हा माझा शब्द.

एक तारखेला सकाळी नऊला कपिलनं स्क्रिप्ट चालवली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम फत्ते. दहापर्यंत मढपासून निमगावापर्यंत सगळी केंद्रं फोनवर ओ देत होती.

अकराला बाहेर येऊन बघतो तर मांडव! हार, नारळ, पाटी, फोटोवाला. आपल्याकडं मुतारी बांधली तरी फीत कापल्याशिवाय कुणाला आत जाववत नाही, मग ही तर कॉम्प्युटरची नवी करामत. बटण नानासाहेब दाबणार होते.

कपिल मॅनेजरांकडं धावला. "साहेब, काम झालंय. परत चालवलं तर नंबराला अजून एक दोन लागंल. सगळी गावं मुकी व्हतील. नुसतं पडद्यावर कायतरी दावू."

"पावणे बसलेत. अध्यक्षांनी खोटं बटण दाबायचं का? तू खुर्च्या बघ."

खुर्च्या बघ! ज्यानं काम केलं त्यानं खुर्च्या बघायच्या. नारळ फुटला, नानासाहेबांचं अंगठीवालं बोट बटणावर पडलं, टाळ्या झाल्या. कपिलचं नाव भाषणात कुणी घेतलं नाही.

ते घेतलं संध्याकाळी, जेव्हा चौऱ्याऐंशी गावांतलं एकही लागेना. मॅनेजरांनी टाइप केलेला कागदच पुढं सरकवला: माझ्या हलगर्जीपणामुळे बिघाड झाला, माफी असावी. सही कर, पुढच्या मिटिंगला कायमचं बघू, म्हणाले.

कपिलनं कागद टेबलावरच राहू दिला. आधी तो मशीनकडं वळला, कारण आकडे पोचल्याशिवाय पावत्या निघत नव्हत्या, गावोगाव माणसं किटल्या घेऊन खोळंबली होती आणि निमगावच्या रांगेत त्याची आई द्रौपदाही होती. जुन्या फायली जागेवर ठेवल्या, स्क्रिप्ट एकदाच चालवली. केंद्रं बोलायला लागली.

मग तो माफीचा कागद त्यानं उलटा केला आणि मागं हातानं लिहिलं: नंबर आज दोनदा बदलले. नऊ वाजता मी. साडेअकराला अध्यक्षांनी, मी नको म्हणत असताना. मशीनमध्ये दोन्ही वेळांची नोंद आहे. खाली सही केली, दुसऱ्या कागदावर तस्संच उतरवून घेतलं, आणि आवक-जावकच्या टेबलावर जाऊन दोन्हींवर शिक्का मारून घेतला.

मॅनेजर शिक्का बघून म्हणाले, "असं लिहून तू कायम होशील वाटतं?"

"न्हाई होनार, साहेब. सहा वर्षं झालो का? पन जे मी केलं न्हाई, ते माझ्या नावावर लागनार न्हाई."

महिन्याभरात त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती शिक्क्याची प्रत द्रौपदानं ट्रंकेत त्याच्या दहावीच्या सर्टिफिकेटाखाली जपून ठेवली. डेअरीत नानासाहेबांच्या शुभहस्ते अशी पाटी अजून भिंतीवर आहे. आणि तिच्या खालच्या मशीनमध्ये कपिलच्या त्या सहा ओळी तशाच राहिल्या; चुकून परत चालल्या तर अजून एक दोन लागेल, या धास्तीनं त्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही.