आठ अँपियरची शेगडी

“आदी मोजा, मंग बोला.” नांदे गावात कुशाबा वायरमनचं हे वाक्य पोराटोरांनाही पाठ होतं. माणूस सातवी पास. पौडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्यानं दहा वर्षं विहिरींच्या जळक्या मोटारींत नवी तार भरली आणि तिथंच, भिंतीवर खडूनं गणितं मांडत, वीज शिकला. त्याच्या बायकोला, हेमलताला, त्या गणितातलं फारसं कळत नसे. पण नवऱ्यानं ओढलेली तार गावात कुठं जळली नाही, एवढं ती कुणालाही ठणकावून सांगे.

म्हणूनच दोन हजार पाच सालच्या त्या सकाळी शेजारच्या शेखरचा चढलेला आवाज ऐकून ती हाताचं पीठ न धुताच बाहेर आली.

हिंजवडीला कामाला जाणाऱ्या मुलांसाठी शेखरनं चार खोल्या बांधल्या होत्या. वायरिंग कुशाबाचं. वर आणखी सहा काढायच्या होत्या. शेखरची आई रंभाबाई त्या मुलांचे डबे विजेच्या शेगडीवर करी, आणि आठवडाभर शेगडी लावली की दहा मिनिटांत फ्यूज उडत होता.

“तात्या, तार हलकी घातली तुमी,” शेखर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला. “फ्यूजला जाड तार घाला. न्हाईतर पुण्याचा कंत्राटदार आणतो, तुमचं समदं उपटून नवं करतो.”

हेमलताच्या मनात आलं, या घरातली तार उपटली, की गावात कुशाबाला कोण बोलावणार?

“जाड तार घातली तर फ्यूज ऱ्हाईल, घर न्हाई ऱ्हायचं,” कुशाबा शांतपणे म्हणाला. त्यानं फ्यूज बांधला, शेगडी लावली, करंट मोजायचा चिमट्याचा मीटर तारेला अडकवला. मग खिशातून खडू काढून भिंतीवर लिहिलं : व्होल्ट दोनशेवीस, अँपियर आठ.

“गुणिलं तर सतराशे साठ वॅट. शेगडीवर काय लिवलंय रं?”

शेखरनं वाकून पट्टी वाचली. “हजार.”

“आता व्होल्टला अँपियरनं भागू. साडेसत्तावीस ओहम. हजाराच्या कॉईलचा अडथळा अठ्ठेचाळीसच्या आसपास पायजे. निम्मी कॉईल कुटं गेली, वैनी?”

रंभाबाईनं तीन बोटं दाखवली. “तीनदा तुटली. जळकं टोक फेकलं, उरलेली ताणून बसवली. पर भावजी, तवापास्नं तापती लई झ्याक.”

“तापंलच की. तार आखूड झाली, अडथळा घटला, करंट वाढला. भाकरी लवकर आन् फ्यूज बी लवकर.”

आळीतल्या बाया हसल्या. शेखर तेवढा हसला नाही.

कुशाबानं नवी कॉईल बसवली. मीटर साडेचारवर थांबला. त्यानं खाली तेही मांडलं : नऊशे नव्वद वॅट. रंभाबाईनं सगळ्या डब्यांच्या भाकऱ्या भाजून होईपर्यंत तो उंबऱ्याशी बसून राहिला. फ्यूज उडला नाही.

“वरच्या सहा खोल्यांचं कदी धरताय, तात्या?” शेखरनं खाली बघत विचारलं.

“कंत्राटदाराला इचारलंस का?”

“आता नका लाजवू.”

“भिंती उभ्या हू दे. येतो.”

कुशाबानं पिशवी खांद्याला लावली आणि गावातल्या विठ्ठलरावाची मोटार बघायला त्याच्या विहिरीच्या वाटेला लागला. मान वर, पावलं संथ. बाया आपापल्या कामाला गेल्या. हेमलता मात्र पिठाचे हात तसेच धरून, तो बांधापलीकडं दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहिली.