हौदातले मासे कशाने मेले

आमच्या अमरावतीच्या घराच्या अंगणात हौद आहे. त्यातले मासे माझ्या बायकोने पोळीचे तुकडे टाकल्यामुळे मेले, असं मी नात्यातल्या बहुतेकांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. मासे माझ्या हातून मेले. ज्यांना ज्यांना तेव्हा सांगितलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आता बसून लिहायचाही कंटाळा येतो, पण लिहायला हवं.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली, त्यातली बरीचशी अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात. बोअरला खारं पाणी, आणि गोडं पाणी नळाला येईल तेव्हा येईल. घरात ड्रम, टाक्या, पाण्याचे पितळी गुंड, आणि प्रत्येकावर झाकण. बायको म्हणायची, "पाणीवाल्याच्या घरी देल्ली मले, अन् जलमभर नुसती झाकणंच पाहून राहिली." निवृत्तीनंतर अमरावतीत घर बांधलं तेव्हा तिने एकच मागितलं: अंगणात एक उघडा हौद, आणि त्यात मासे.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो, हे मला माहीत होतं. म्हणून हौद भरायचा, काही दिवस ठेवायचा, ते पाणी झाडांना सोडायचं, घासायचं, पुन्हा भरायचं, असं मी बराच काळ करत राहिलो. ती वैतागली.

"मासे कवा येतीन? मी म्हातारी झाल्यावर?"

"झालीच तं आहेस."

"मंग लवकर आना ना!"

शेवटी मासे आले. नारिंगी, बोटाएवढे, थोडेच. ती रोज सकाळी हौदाच्या काठावर बसून पोळीचा तुकडा बारीक कुस्करून टाकायची. काही दिवसांत मासे तिची सावली पडली की वर यायला लागले. माझी सावली पडली तर खाली जायचे. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

मग पाणी हिरवं झालं. उन्हातल्या उघड्या पाण्याला शेवाळाची झाक येणारच. माशांना त्याचा त्रास नव्हता, ते मजेत होते. त्रास मला होता. ज्या माणसाने आयुष्यभर टाक्या धुऊन घेतल्या, त्याला हिरवं पाणी म्हणजे कोणीतरी तक्रार घेऊन दारात उभं असल्यासारखं वाटतं. त्यातच चांदूर रेल्वेहून बायकोची थोरली बहीण राहायला येणार होती. तिची जीभ तिखट. फोनवरच म्हणाली होती, "पाहू तं भाऊजी, पाणीवाल्याच्या घरचं पाणी कसं असते."

ती येणार त्या सकाळी बायको तिला आणायला बसस्टँडवर गेली. घरात ब्लिचिंग पावडरचा डबा होता. आम्ही विहिरीत टाकायचो तशी मी ती बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी हौदात सोडलं. विहिरीपेक्षा पुष्कळ कमी घेतली, एवढाच विचार केला. हाताला सवय होती, हाताने केलं. पाण्यात काही जिवंत राहू नये हेच तर माझं काम होतं.

थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंड उघडू लागले. मग एका अंगावर कलले. मला त्याच क्षणी कळलं. कोणी सांगायची गरज नव्हती. फाटक वाजलं, दोघी बहिणी पिशव्या घेऊन आत आल्या, आणि बायकोने पिशवी तिथेच टाकली.

"अवं माय! काय झालं हो यायले?"

माझ्या हाताला पावडरचा वास येत होता. मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "किती डाव सांगतलं तुले, पोळी टाकू नको. पाणी सडलं."

बहीण हौदात वाकून पाहत हसली. "काय वं, गळ्यात तुळशीची माळ घालतं अन् दारात मासेमारी करतं?"

तेव्हापासून ती बायकोला 'मासेमारी' म्हणू लागली. लग्नात, बारशात, भर पंगतीत. "मासेमारीले वाढा वं कोणी!" सगळे हसत. मीही हसत होतो. कोणी विचारलं तर गोष्ट मीच रंगवून सांगायचो. नांदगाव खंडेश्वरच्या माझ्या चुलतभावांना, अकोल्याच्या जुन्या सोबत्यांना, सगळ्यांना.

बायकोने हौदावर टिनाचा पत्रा टाकून घेतला. पुढे तिने चिमण्यांना तांदूळ टाकणंही सोडलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "माह्या हातचं नाही मानवत मुक्या जीवाले." हे ऐकूनही मी गप्प राहिलो. मासे चुकून मेले म्हणता येईल. हे गप्प राहणं चुकून झालं नाही.

यंदा ती बहीण गेली. तेरवीहून बसने परत येताना बायको खिडकीकडे पाहत म्हणाली, "ताई शेवटपर्यंत मले मासेमारीच म्हणे. खोटं थोडीच होतं म्हना." तेव्हा मी सांगितलं. बसमध्ये गर्दी होती, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

अमरावती आली. उतरताना म्हणाली, "ताईले आता कसं सांगसान?"



घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "बाकी ज्याईले सांगतलं त्याईले लिहून पाठवा. फोन नका करू. फोनवर तुमी हसत सांगसान, अन् ते बी हसतीन, अन् गोष्ट तिथंच राहीन."

मी पत्रा काढला आहे. हौद घासला. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून अर्धा आज, अर्धा उद्या असं केलं. नळाचं पाणी आता आधी ड्रममध्ये उघडं, उन्हात ठेवतो, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. मासे आले की सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं काढायचं आणि तेवढंच घालायचं. हिरवं झालं तर होऊ द्यायचं. नोकरीतली तपासणीची नळी माझ्याजवळ आहे. पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, की क्लोरीन शिल्लक आहे असं समजायचं. आयुष्यभर गावोगावी तो रंग यावा म्हणून नळी उजेडात धरली. आता येऊ नये म्हणून धरतो.

ती अजून हौदाजवळ येत नाही. पायरीवर तूर निवडत बसते. मासे ती म्हणेल तेव्हाच आणायचे, एवढं ठरलं आहे. काल नळी वर धरली तेव्हा तिकडूनच विचारलं, "आला का पिवळा?"

"जरासा आहे."

"खरं सांगता?"

मी नळी तिच्याजवळ नेऊन दाखवली. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"आहे," म्हणाली. "थांबा अजून."