दोन ओळींमधली घडी

हे आजवर माझ्या ओठांबाहेर आलेलं नाही. सख्ख्या बहिणीजवळही नाही. कागदावर तरी उतरेल का — पाहते.

खामगावच्या एका छापखान्यात मी कामाला होते. चौथी शिकलेली, म्हणून छपाई झाली की शिशाचे खिळे अक्षर ओळखून खणांत परत टाकायचे आणि जुळवलेलं पान दोऱ्यानं बांधायचं, एवढं माझं काम. खिळे जुळवायचे ते गणपतभाऊ. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही म्हणे — पण दर वेळी जीभ अडखळायची.

ते माझ्याकडे कधी येत? छपाईआधी काढलेल्या नमुन्यात ओळ वाकडी उठली, तरच. ओला कागद घेऊन शेजारी वाकत, एक डोळा मिटून ओळीवरून नजर फिरवत. सदऱ्याला शाईचा आणि रॉकेलचा वास. तेवढा वेळ मी श्वाससुद्धा जपून घेई.

मग ओळी वरचेवर वाकड्या होऊ लागल्या.

भाऊंनी सगळं तपासलं. झिजले असतील म्हणून खिळे बदलले. पान ज्यावर बांधायचं ती फरशी सपाट आहे का, पाण्याचा थेंब टाकून पाहिलं. पान सोडून पुन्हा बांधलं, की ओळ सरळ! "भूत हाय वो बाई छापखान्यात," ते हसत म्हणत. भूत शेजारीच उभं होतं — मुठीत कागदाची बारीक घडी धरून. बांधताना दोन ओळींमध्ये ती मीच सरकवत होते. सोडताना मीच काढत होते.

एकदा लग्नसराईच्या घाईत नमुना न काढताच पान यंत्रावर चढलं. मी पाहत होते. बोलले का? नाही. साऱ्या पत्रिकांवर नवरीच्या नावाची ओळ तिरकी आली. मालक सगळ्यांदेखत ओरडले, "काऊन बे गणपत, नवरी काय उतारावरून घसरून राह्यली? दिसत नाही का तुले?"

संध्याकाळी भाऊ माझ्याजवळ आले. हातात नमुना नव्हता — असे पहिल्यांदाच आले. हळूच म्हणाले, "बाई, माहे डोळेच गेले असतीन का वो?"

घडी तेव्हा माझ्या पदराच्या गाठीत होती.

"असतीन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मोताळ्याकडे भावाच्या शेतीवर गेले. तिकडच्या एका बाईनं पुढे सांगितलं — पेपर आला, की ते दुसऱ्याकडून वाचून घेतात.

अजूनही पत्रिका हाती आली, की मी एक डोळा मिटते, ओळीवरून नजर फिरवते. शेजारी कुणी वाकत नाही.

भाऊंचे डोळे चांगले होते.