सासूबाईंचं पेडल आणि माझा ड्रायव्हर

माझी आई माझ्याशी अकरा दिवस बोलत नव्हती आणि त्याला कारण होता एक शेंगदाणा. हे वाचून आमच्या घराण्याबद्दल तुम्हाला जे वाटायचं ते वाटू द्या, पण आधी सगळं ऐकून घ्या.

आम्ही विरार पश्चिमेला, बोळिंजला राहतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको प्राची आणि माझ्या सासूबाई. सासूबाई मूळच्या गुहागरच्या. उकडीच्या मोदकांबाबत त्यांचा शब्द शेवटचा. (बाकी बाबतींतही शेवटचाच असतो, पण मोदकांच्या बाबतीत तो बरोबरही असतो.) चार वर्षांपूर्वी त्यांनी संगणकावरून मोदकांचा क्लास सुरू केला. गणपतीच्या आधीच्या रविवारी बायका आपापल्या स्वयंपाकघरात परात घेऊन बसतात आणि सासूबाई आमच्या जेवणाच्या टेबलावरून शिकवतात. अडचण एकच. हात उकडीने माखलेले असताना माईक चालू-बंद कोण करणार? पहिल्या वर्षी त्यांनी ते कोपराने केलं आणि अख्खा क्लासच बंद पडला!

"मिलिंदराव," दुसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढे कॉम्प्युटरमधले. पायाने चालेल असं काही नाही का तुमच्यात?"

'तुमच्यात' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की आमच्या क्षेत्राची अब्रू माझ्या एकट्याच्या खांद्यावर आली.

नालासोपाऱ्यात माझ्या एका मित्राचं ऑफिस होतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायचं आणि टाइप करायचं, असं काम. ते बंद झालं तेव्हा त्याने मला तिथलं, टाइप करताना बोलणं थांबवायला-सोडायला पायाने दाबायचं एक पेडल दिलं होतं. तीन बटणं, एक युएसबी वायर, दिसायला शिलाई मशीनच्या पायट्याचं धाकटं भावंड. मी बेत केला : डावं बटण दाबून धरलं की माईक चालू, सोडलं की बंद. मधल्याने कॅमेरा तोंडावरून परातीवर. उजव्याने पडद्यावर पुढची कृती. झालं!

झालं कसलं? कुठलंही यंत्र संगणकाला जोडलं की ते आधी आपली ओळख सांगतं. मी कीबोर्ड, मी माउस, वगैरे. आणि त्याचं बोलणं संगणकाला समजावं म्हणून जो छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. आमच्या पेडलने ओळख सांगितली, 'मी बत्तीस बटणांची जॉयस्टिक आहे.' (बटणं तीन!) शिवाय त्याचं डावं बटण कोणी पाय न लावता कायम दाबलेलं दिसायचं, आणि जोर लावून दाबलं की मात्र सुटलेलं दिसायचं.

दुसऱ्या कोणी ते भंगारात दिलं असतं. मला आनंद झाला! अशा चक्रम यंत्रांसाठी ड्रायव्हरमध्ये खास सूचना लिहिता येते : बाबा रे, हे यंत्र जे सांगेल त्याच्या नेमकं उलट समज. घरच्या संगणकावर मी मुद्दाम अशी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आहे, जिच्या पोटात शिरून आपल्याला हवे ते बदल करता येतात. (घरच्यांना नको असलेलेही करता येतात.) तीन रविवार खपून मी तो ड्रायव्हर लिहिला. पेडल शहाण्यासारखं चालू लागलं. मी इतका फुगलो की जगाचं भलं व्हावं म्हणून ती दुरुस्ती त्या सिस्टिमचा हा भाग सांभाळणाऱ्या कोणा परदेशी गृहस्थाला पाठवून दिली. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, 'पेडल उघडून पाहिलंत का?'

मला राग आला. मी सॉफ्टवेअरवाला! पेडल उघडायला मी काय सायकलच्या दुकानात बसतो?

इकडे या तीन आठवड्यांत सासूबाईंनी विचारलं की मी एकच सांगत होतो, "ड्रायव्हरचं अडलंय, आई." त्यांनी ते मनाला लावून घेतलं. पाचूबंदरहून मासे घेऊन येणाऱ्या मावशींजवळ त्यांनी मन मोकळं केलं, "आमच्या जावयांना ड्रायव्हर मिळत नाहीये हो. काळजीने निम्मे झालेत." (निम्मा झालेलो नव्हतो, पण त्या प्रेमाने म्हणाल्या.)

क्लासच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीचे एक गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात लायसन.

"मी बस्त्याव. मासेवालीचा भाऊ. तुम्हाला ड्रायव्हर पायजे ना?"

"मला? नाही हो. माझा लिहून झाला."

"लिवून झाला?" बस्त्यावभाऊंनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "गाडी कोनती?"

"गाडी नाहीये."

"गाडी नाय आनि ड्रायव्हर पायजे?"

"पेडलसाठी हवा होता."

त्यांनी आत पाहिलं आणि सासूबाईंना हळूच म्हणाले, "बाई, यांना कदीपासून असं होतंय?"

इतक्यात मला ऑफिसचा फोन आला आणि मी आतल्या खोलीत गेलो. पुढच्या वीस मिनिटांत बाहेर काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी समजलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. सासूबाईंनी बस्त्यावभाऊंना चहा दिला. चहा पिताना त्यांना टेबलाखालचं पेडल दिसलं. मासळीचा टेम्पो पंचवीस वर्षं चालवलेला माणूस. त्यांनी नुसता अंगठ्याने दाब दिला आणि म्हणाले, "डावा बसलाय हा." मग खिशातल्या पेचकसाने खालची पट्टी काढली, आतून एक शेंगदाणा काढला, खोबरेल तेलाचा थेंब सोडला, पट्टी लावली आणि निघून गेले. शेंगदाण्यामुळेच ते बटण अर्धवट दाबलेलं राहत होतं!

म्हणजे आता पेडल सरळ झालं होतं आणि माझा ड्रायव्हर त्याला अजूनही उलट समजत होता. पाय खाली की माईक बंद. पाय वर की माईक चालू. आणि हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं, कारण त्यांना ड्रायव्हरमधलं कळत नव्हतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मला कोणी सांगितलंच नाही.

रविवारी अकराला क्लास सुरू झाला. पडद्यावर बासष्ट चौकटी. त्यातली एक माझ्या आईची, थेट कराडहून. सासूबाईंनी डावा पाय दाबून धरला आणि तोंडभर हसत बोलायला सुरुवात केली. "आवाज येत नाही" असा मजकूर भराभर येऊ लागला. सासूबाईंनी पाय उचलला.

"मिलिंदराव, काय लिहितायत हो या?"

"त्यांच्याकडे नेट धड नसेल, आई. तुम्ही चालू ठेवा."

"तरीच! ती सामंतबाई बघा. पारी आहे की पायपुसणं? आणि वरच्या रांगेतली ती लाल गाऊनवाली. तिने मोदकाला कळ्या नाही काढल्या, टाके घातलेत!"

मी मनमोकळं हसलो. (हे हसणंही बासष्ट घरांत पोचलं.) सासूबाईंनी पुन्हा पाय दाबला, पाच मिनिटं अत्यंत गोड आवाजात शिकवलं, एक अक्षर कोणाला ऐकू गेलं नाही. पाय उचलून त्या माझ्याकडे वाकल्या.

"तुमच्या आईंना सांगू नका हं, पण गेल्या वर्षी विहीणबाईंचा मोदक खाल्ला आणि माझी दाढ हलली."

इथे एखादा बरा मुलगा गप्प बसला असता. मी म्हणालो, "अहो आई, मला काय सांगता? लहानपणी आम्ही ते गुपचूप टॉमीला घालायचो. टॉमी ते अंगणात पुरून ठेवायचा!"

कराडच्या चौकटीत माझ्या आईने हातातला मोदक सावकाश परातीत ठेवला. मला वाटलं, तिचं सारण संपलं.

प्राची फोन हातात घेऊन आतून धावत आली. "अरे, बंद करा! सगळं ऐकू येतंय सगळ्यांना!"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी घाबरून पाय कचकन खाली दाबला, कॅमेऱ्यासमोर उकडीचे हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून बासष्ट जणींची अशी काही माफी मागितली की मलाही भरून आलं. अर्थात एक शब्द बाहेर गेला नाही. मग त्यांनी पाय उचलला आणि निःश्वास सोडला.

"हुश्श! झालं एकदाचं. ती सामंतबाई आता तरी तोंड मिटेल."

मी टेबलाखाली सूर मारला. वायर ओढताना टेबलाच्या पायाला धडकलो, वरून परात आली आणि किलोभर तांदळाची पिठी माझ्या डोक्यावर पसरली. वायर निघाली आणि तेवढ्यात माझ्या फोनची घंटा वाजली.

"मिल्या," आईचा आवाज अगदी शांत होता. "मी शेजारीपाजारी सांगायचे, माझ्या लेकराला माझे मोदक पुरत नाहीत म्हणून."

मी काहीतरी बोलेपर्यंत तिने फोन ठेवला. पिठात बसून मला खरोखर वाईट वाटलं. तिने ते मोदक दुखरे गुडघे सांभाळत, पाटावर बसून केलेले असायचे.

पण सासूबाई खमक्या. त्यांनी मला टेबलाखालून बाहेर येऊ दिलं नाही. "तिथेच बसा. कीबोर्ड खाली घ्या आणि मी सांगेन तेव्हा दाबा." माईक चालू झाल्यावर त्या म्हणाल्या, "बायांनो, जे बोलले ते बोलले. मागे बोलायला नको होतं, तोंडावर बोलायला हवं होतं. आता तोंडावर सांगते. विहीणबाई, उकडीला पाणी कमी पडतंय तुमच्या. चाळीस वर्षं कोणी सांगितलं नाही तुम्हाला, कारण सगळे हे असले!" आणि त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं.

सामंतबाई खो खो हसल्या. मग सगळ्याच. माझ्या आईने पाण्याचा हात घेऊन उकड पुन्हा मळली. तिचा सहावा मोदक फुटला नाही. तिने तो कॅमेऱ्याला अगदी चिकटवून दाखवला, आणि सासूबाईंना म्हणाली, "जमतंय की हो!" माझं नाव तिने घेतलं नाही. पुढचे अकरा दिवस घेतलं नाही.

त्या परदेशी गृहस्थाला मी लिहून कळवलं की दुरुस्ती मागे घेतो, आत शेंगदाणा होता. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं, 'माझ्या वेळी बिस्कीट होतं.'

पेडल आता नीट चालतं. पण सासूबाईंचा त्याच्यावरचा विश्वास उडाला तो उडाला. क्लासला आता नव्वद बायका असतात आणि मी टेबलाखाली कीबोर्ड मांडीवर घेऊन असतो. सासूबाईंनी पायाने माझा डावा गुडघा दाबला की माईक, उजवा दाबला की पुढची कृती, आणि पाठीत दिली की कॅमेरा. कुठलाही ड्रायव्हर लागत नाही, पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालू आहे. इंजिनिअर होऊन मी केलेलं घरच्यांना पसंत पडलेलं हे पहिलंच काम!