सूनबाईची कळी

रंगमंचावर चाळीस वर्षं काढली मी, पण एन्ट्रीची वाट कशी बघावी हे शिकले ते आमच्या घरासमोरच्या बागेतल्या माळीदादांकडून.

उन्हाळ्यात मी सकाळी सहाला बागेत जाते. दादा त्याआधीच आलेले असतात. ओणवे होऊन मातीच्या बोटभर वर तळहात धरतात, तापलेल्या लेकराच्या कपाळाशी धरावा तसा. मग म्हणतात, "आज झळा अकरालाच सुरू होतील. मुंग्यांनी अंडी सावलीला नेलीत." आणि अकराला झळा सुरू! पहिल्यांदा मला योगायोग वाटला. दुसऱ्यांदाही वाटला. तिसऱ्यांदा मी गुपचूप घड्याळ काढून बसले.

झाडांना ते नात्यानं हाक मारतात. कुंपणावरची बोगनवेल म्हणजे आत्याबाई. "रंग डोळ्यात भरतो, वास काडीचा नाही, आणि जवळ गेलं की बोचते." कारंज्याशेजारचा निवडुंग जावईबापू. "काही करू नका त्यांचं, तरी फुगून बसतात."

एका सकाळी दादा चिंतेत दिसले. "सूनबाईनं मान टाकलीय हो बाई. दोन दिवस पाणीही घेत नाही."

मी तडक मोसंबी घेऊन फाटकाजवळच्या त्यांच्या खोलीवर गेले. सून दारात कपडे वाळत घालत होती.

"अगं, उठलीस कशाला? डॉक्टरांना दाखवलंस का?"

ती आधी बघतच राहिली, मग खो-खो हसली. "अहो आजी, ती सूनबाई म्हणजे कोपऱ्यातला कवठी चाफा! मी मान टाकली तर बाबांना आठ दिवस पत्ता लागायचा नाही." मोसंबी मात्र तिनं ठेवून घेतली. मग हळूच म्हणाली, "पण खरंच घोर लागलाय त्यांना. नऊ वर्षांत त्या झाडाला फूल नाही. बागेचे साहेब शनिवारी येणार आहेत. झाड काढून तिथे बसायला छत घालायचं म्हणतात. बाबा धड जेवतसुद्धा नाहीत."

मी कोपऱ्यात गेले. पानं झुकलेली, पण वरून तुळतुळीत हिरवी, खालून बदामी लव असलेली. वारा आला की झाड दोन रंगांत बोलायचं. आणि एका शेंड्यावर, अंड्याएवढी, ताठ, पांढरट कळी! नऊ वर्षांतली पहिली.

"बी मीच लावलं होतं," दादा म्हणाले. ते कुजबुजत होते. "साहेबांना कळीचं कळवलंय. शनिवारपर्यंत उमलली तर वेगळं काही सांगायला नको. तेवढं ऊन अडवायला हवं."

ऊन अडवायला काय हवं ते माझ्या घरात होतं. जुन्या नाटकाचा मखमली पडदा ट्रंकेत पडून होता. आम्ही चार बांबू रोवले आणि सूनबाईला चहूबाजूंनी पडदानशीन केलं. मी तर स्वतःवरच खूश होते.

शुक्रवारी दुपारी पडदा बाजूला केला, तर कळी खाली पडलेली.

दादांनी ती ओंजळीत घेतली. मला राहवलं नाही. "दादा, माझ्याकडे बारीक तार आहे. कापडी फुलं आम्ही अशी बांधायचो, पहिल्या रांगेलाही कळायचं नाही. बांधून टाकू?"

"साहेबांना फसवता येईल, बाई. पण उद्यापासून मी हिच्याशी कोणत्या तोंडानं बोलू?"

शनिवारी साहेब आले. "काय दादा, कुठंय फूल?"

दादांनी ओंजळ पुढे केली. "काल गळलं. चूक माझी. ऊन अडवायला जाड कापड लावलं, वाराही अडला. आत भट्टी झाली."

कापड माझं, कल्पना माझी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मग आता काय बघायचं मी?" साहेब म्हणाले.

"बघायचं नाही साहेब. हात द्या."

त्यांनी साहेबांची बोटं धरून एका फांदीच्या टोकावर ठेवली. "दाबू नका. निमुळतं लागलं ना? ते पान. आता हे बघा. भरलेलं, बोथट. हे फूल." साहेबांच्या भुवया वर गेल्या. दुसरी फांदी, तिसरी. मग साहेब आपणच चाचपायला लागले.

"हे?"

"पान."

"आणि हे?"

"फूल, साहेब!"

"हेसुद्धा फूलच! बरोबर?" साहेब परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे ओरडले.

मीही हात लावला. लवेच्या आत काहीतरी भरत होतं. दोन महिने मी रोज त्या झाडाजवळून जात होते आणि मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. अशी सात टोकं निघाली. सात! एवढ्या उन्हात, एक अक्षर न बोलता, हे झाड सात फुलांची तयारी करत होतं.

साहेबांनी हात झटकला आणि घसा साफ केला. "छत फाटकाजवळ घालू. हिला असू दे इथंच. किती दिवस लागतील हो उमलायला?"

"ते तिचं ती ठरवणार."

साहेब गेले आणि दादा मटकन मातीतच बसले. कामाच्या वेळेत त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं दादा?"

"काही नाही हो. पायच गेले माझे."

मीही गुडघे सांभाळत त्यांच्या शेजारी बसले. खालून पाहिलं की सगळी पानं बदामी दिसत होती. आम्ही दोघं कितीतरी वेळ वर बघत राहिलो.