मिरची, रक्त आणि डबल बास

सुहृदहो, आज प्रातःकाळी माझ्या हस्ते एक हत्या होता होता राहिली.

रविवारी कन्येच्या साखरपुड्यात बरोक काळातील, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीच्या युरोपातील, चेलो या तंतुवाद्याची एक रचना त्याच्या थोरल्या भावंडावर, डबल बासवर, वाजवण्याचे वचन मी देऊन बसलो आहे. चेलोवर जिथे एक बोट पुरते, तिथे या महाकाय वाद्यावर अख्खा हात झेपावतो. तिसऱ्या झेपेत सरावाने तर्जनीवर आलेला फोड फुटला. त्याच बोटांनी पत्नीच्या आज्ञेवरून नुकतेच मिरच्यांचे देठ खुडले होते.

मी किंकाळी फोडली, गज तारांवर आदळला आणि डबल बासने त्याहून भीषण किंकाळी फोडली.

शेजारच्या सखूमावशी मुसळ उगारून दारात अवतरल्या. "कोनले मारी ऱ्हायना रे भाऊ?"

"मावशी, हा केवळ सराव आहे."

"सरावले रगत निंघस?" तारांवरील रक्त पाहून त्या गरजल्या, "सोड त्याले!"

"सोडतो" असे कबूल केल्यावरच त्या गेल्या. मग बोटाला तूप लावले, पट्टी बांधली आणि तीच झेप पुन्हा घेतली. या खेपेस एकही स्वर ओरडला नाही. अखेरचा मंद्र स्वर शांतपणे विरला.

भिंतीपलीकडून सखूमावशींचा निःश्वास आला, "बरं व्हयनं, सुटना बिचारा!"

विद्वज्जनहो, हे 'सुटला बिचारा' दाद मानून रविवारी वाजवावे, की श्रद्धांजली मानून थांबावे?